ऑक्सिजनचं मशीन विकायचं आहे

ठाणे पूर्वेला कोपरीच्या बाजारात कलावती तांबे कोण असं विचारलं असतं, तर बहुतेकांनी माना हलवल्या असत्या. पिग्मीवाल्या बाई म्हटलं की मात्र कोणीही दुकान सोडून घर दाखवायला आलं असतं. पतपेढीसाठी रोजची बचत गोळा करायचं काम तिने उमेदीची सगळी वर्षं केलं. खांद्याला काळी पर्स, पायात जाड चामडी चप्पल, आणि संध्याकाळी दुकानामागून दुकान. वाणी, न्हावी, कटलरीवाला, रस्त्यावर लसूण विकायला बसणारी म्हातारी. जो तो गल्ल्यातून नोट काढून तिच्या हातावर ठेवायचा. पावती नीट वाचून बघणारा क्वचितच. बाईंकडे दिले म्हणजे पोचले, असा हिशेब. तिनेही तो पाळला. घरात साखर संपलेली असली तरी त्या पर्समधली नोट तिने एका रात्रीपुरतीही उसनी वापरली नाही.

नवरा उत्तम खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. गाड्यांच्या पोटाखाली आयुष्य गेलं, वर विड्या. निवृत्त झाला आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला जिना चढवेना. फुफ्फुसं गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकाला पुरवणारं. ते घेतलं आणि पुढच्या खोलीत पलंगाच्या उशाशी ठेवलं. तोवर बाजारात प्रत्येक गल्ल्यावर स्कॅन करायचे कोड लागले होते, पिग्मी आटत चालली होती. कलावतीने काम सोडलं आणि उत्तमजवळ बसून राहिली. मशीनची घरघर इतकी अंगवळणी पडली की वीज जाऊन ती थांबली तर कलावती झोपेतून दचकून उठायची.

दिवाळीच्या तोंडावर उत्तम गेला. मशीन उरलं.

मुलगी संचिता डोंबिवलीला दिलेली. नोकरी, सासर सांभाळून ती रविवारी यायची. तेरावं झाल्यावर एकदा म्हणाली, "आई, ते डोळ्यासमोरून हलव आता. कोणाच्या तरी उपयोगी पडेल आणि तुला चार पैसे मिळतील." तिनेच मशीन पुसून फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकले. किंमत बत्तीस हजार, नंबर आईचा.

फोन येऊ लागले. कोणी निम्म्यात मागे, कोणी किती तास चाललंय ते विचारे, कोणी नुसतंच 'बघतो' म्हणून ठेवून देई. मग एका दुपारी साईनाथचा आला.

"मावशी, मी साईनाथ बोलतोय, नाशिकहून. मशीन आहे ना अजून? आईला उद्या दवाखान्यातून घरी आणायचंय."

आवाज तरुण होता, थकलेला. मागे कोणीतरी खोकत होतं. कोरडा, तळातून ओढून आणलेला खोकला, आणि शेवटी श्वास घेताना शिट्टी. कलावतीने तसा खोकला उशाशी बसून ऐकला होता. तिने विचारलं, "आईच का रे त्या?"

"हो मावशी. बाजूलाच आहे."

भाव कमी करा असं तो म्हणाला नाही. मशीन किती चाललंय, फिल्टर कधी बदलला, काही विचारलं नाही. आयुष्य बाजारात गेलेल्या बाईला हे खटकलंच. पण घरात असं आजारपण असताना घासाघीस कोणाला सुचते, असं तिने स्वतःच स्वतःला समजावलं.

"संध्याकाळी माझा टेम्पोवाला येईल. त्याआधी पैसे टाकून ठेवतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. आधी दहा रुपये टाकतो. आले का बघा."

दहा रुपये आले. मग व्हॉट्सॲपवर कोडचं चित्र आलं. फोनमध्ये आलेलं चित्र तिथल्या तिथे कसं स्कॅन करायचं तेही त्यानेच शिकवलं, न कंटाळता, पोटच्या पोरासारखं. फोनवरचा व्यवहार तिला दूधवाला आणि भाजीवाल्यापुरता ठाऊक होता.

"पिन मागतोय रे हा."

"मागणारच ना मावशी. पिन म्हणजे तुमच्या खात्याचं कुलूप. कुलूप उघडल्याशिवाय पैसे आत कसे येणार?"

तिला ते पटलं. तिने पिन दाबला. बँकेचा मेसेज आला आणि त्यातला 'डेबिट' हा शब्द तिने वाचला. तो शब्द तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अरे, हे तर गेले माझे!"

"अरे देवा!" तो तिच्यापेक्षा जास्त घाबरला. "उलटं झालं मावशी, सर्व्हरचा लोचा झाला. माझेही अडकले. थांबा, फोन ठेवू नका. तुमचे बत्तीस आणि माझे बत्तीस असा चौसष्टचा कोड येईल, तो केला की सगळे एकदम परत येतील. लवकर करा, नाहीतर लॉक होतील." मागे खोकला चालूच होता.

तिने केलं. उत्तमच्या फंडातले जे काही वरखर्चाला म्हणून या खात्यात ठेवले होते ते जवळपास सगळे गेले. मग फोन कट झाला आणि परत लागला नाही.

संध्याकाळी ती मशीनला धूळ लागू नये म्हणून घातलेलं कापड काढून बसून राहिली. टेम्पो येईल असं तिला अजूनही वाटत होतं. मग वाटेनासं झालं.

तिने कोणालाच सांगितलं नाही. संचिताने रात्री फोन केला तेव्हा जेवले म्हणाली, बरी आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी लाज होती. अख्ख्या बाजाराने जिच्या हातात डोळे मिटून पैसे दिले, तिने आपलेच पैसे आपल्याच बोटाने चोराच्या खिशात घातले. हे बाजारात कळलं तर? रविवारी संचिता आली, आईचा चेहरा बघून तिने फोन हातात घेतला आणि सगळं वाचलं.

"आई, तीन दिवस तू गप्प बसलीस?"

सायबर पोलिसांकडे ज्या बाईंनी तक्रार लिहून घेतली, त्या बोलायला चांगल्या होत्या. पण त्यांनी खरं ते सांगितलं. "आजी, त्याच वेळी एकोणीसशे तीस या हेल्पलाइनला फोन केला असतात ना, तर पैसे मधल्या खात्यात अडवता आले असते. आता ते चार खाती फिरून कुठेतरी काढलेही गेले असतील. आम्ही प्रयत्न करू." कलावतीने मान हलवली. खोकला कोणाचा होता, एवढं तिला विचारायचं होतं. विचारलं नाही.

रिक्षात संचिताचा बांध फुटला. "पैसे घ्यायला पिन लागत नाही, आई. कधीच नाही. पिन म्हणजे पैसे जाणार. आणि आता कोणीही आधी पैसे पाठवतो म्हणालं की फोन ठेवायचा. कोणी परका दारात आला तर उघडायचं नाही. तू एकटी राहतेस. आज पैशावर निभावलं, उद्या जिवावर बेतलं तर?" बोलता बोलता ती रडायला लागली. कलावतीने खिडकीबाहेर बघत सगळं ऐकलं आणि मनात घट्ट बसवलं. जाहिरात संचिताने काढून टाकली.

त्यानंतर कलावती बाजारात जायची ती मागच्या गल्लीने. ओळखीचा नसलेला नंबर आला की फोन पालथा घालून ठेवायची.

पौष लागला तेव्हा एक फोन तिने चुकून उचलला.

"ताई, मशीन हाय ना तुमच्याकडं? मी महिपत भोईर बोलतोय, विठ्ठलवाडीवरून. बायको दवाखान्यात हाय. डाक्टर बोलला, घरी मशीन असंल तरच सोडतो."

"नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

"त्या मशीनवाल्या पोरानं दिला. ताई, पैसे मी आताच पाठवतो, पोरगी हाय माझी, तिला फोनमधलं समजतं. तुमी फक्त दुसऱ्या कोणाला देऊ नका. उद्या येऊन उचलतो."

आताच पाठवतो. दवाखाना. बायको. तेव्हा आई होती, बाकी सगळं तेच. भाव कमी करा असं हाही म्हणाला नाही. मागे कसलातरी गलका चालू होता आणि त्यात कोणीतरी कण्हत होतं, की तिलाच तसं वाटलं.

"पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन," ती ओरडली आणि फोन बंद केला. थोड्या वेळाने दुसऱ्या नंबरवरून एका मुलीचा आला. "काकू, मी करिश्मा, बाबा आत्ता बोलले ना तुमच्याशी..." तिने तोही नंबर ब्लॉक केला. संचिताने शिकवलं होतं कसा करायचा ते. आपण या वेळी फसलो नाही याचं समाधान होतं. नाही म्हटलं तरी होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

तिने लाकडी दार जरासं उघडलं. बाहेरच्या जाळीच्या दाराला कडी होती. पलीकडे साठीचा एक माणूस जिना चढून दम खात उभा होता. पांढरा शर्ट, खाली पायजमा, पायात रबरी चपला.

"ताई, मीच काल फोन केलेला. तुमी घाबरलात म्हणून रोखच आणलेत." त्याने शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

कलावतीने पिशवीकडे पाहिलं. काही नोटा नव्या कोऱ्या, एका घडीतल्या. काही चुरगळलेल्या, दहा-वीसच्यासुद्धा. वेगवेगळ्या रबरांनी बांधलेले छोटे छोटे गठ्ठे. घरोघर जाऊन जमवलेले पैसे कसे दिसतात आणि ते जमवणारा माणूस पिशवी कशी दोन्ही हातांनी धरतो, हे तिच्याइतकं कोपरीत कोणाला माहीत असणार? हा माणूस खरा आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं.

आणि तरी तिचा हात कडीकडे गेला नाही. हा खरा वाटतो, तोही खरा वाटला होता. आपल्याला वाटण्यावर आता काय भरवसा ठेवायचा?

"मशीन विकलं," ती म्हणाली.

"विकलं?" त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भिंतीशी कापडाखाली उभं असलेलं मशीन त्याला दिसलं असतं. "बरं. कोणाला ठाऊक असंल तर सांगा ताई. भाड्यानं पण चालंल."

"नाही माहीत."

तो जिना उतरला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. खाली सोसायटीच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर तो बसला होता. पिशवी परत शर्टात घातलेली, एक हात वरून दाबून धरलेला. बराच वेळ बसला. तेवढ्यात हाक मारता आली असती. फाटकावर वॉचमन होता, समोर इस्त्रीवाला होता, भर दुपार होती. ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. मग तो उठला आणि स्टेशनच्या दिशेने गेला.

राकेश हा अशी मशीनं दुरुस्त करणारा, भाड्याने देणारा. त्याचं छोटं दुकान बाजाराच्या टोकाला. उत्तमच्या मशीनचे फिल्टर तोच बदलायचा. आठेक दिवसांनी तो कलावतीला रस्त्यात भेटला.

"काय काकू, मशीन विकलंत म्हणे? मी त्या विठ्ठलवाडीच्या भोईरांना तुमचा नंबर आणि पत्ता दिलेला. माझी सगळी भाड्यावर गेलेली, म्हटलं काकूंचं पडून आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, सॉरी हां. मी गावी गेलेलो."

कलावतीने विचारलं, "त्यांची बायको कशी आहे?"

"गेल्या ना त्या. तशा त्या वाचणाऱ्या नव्हत्याच, डॉक्टरांनी सांगितलेलंच. पण त्यांना घरी जायचं होतं हो. सारखं घरी न्या, घरी न्या चाललेलं. मशीनशिवाय हॉस्पिटल सोडेना. यांनी उल्हासनगर, कल्याण, सगळं पालथं घातलं. मिळालं तेव्हा..." त्याने हात हलवला. "वॉर्डातच गेल्या. तुम्ही विकलंत कोणाला पण?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आली.

तिला जेवण जाईना. मी मारलं नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरंही होतं ते. पण मरणाऱ्या बाईने मागितलं काय होतं, तर आपलं घर. उत्तम आपल्या पलंगावर गेला होता, हात तिच्या हातात असताना. ते सुख ज्या यंत्राने दिलं ते इथे भिंतीशी उभं राहिलं आणि ती बाई परक्या खाटेवर गेली. फसवणाऱ्याने पैसे नेले ते नेले. दार मात्र आपण स्वतः लावलं.

शेवटी तिने राकेशकडून पत्ता घेतला. संचिताला सांगितलं नाही.

विठ्ठलवाडीत दोन मोठ्या इमारतींच्या मध्ये भोईरांचं बैठं घर अजून तग धरून होतं. पुढे ओटी, त्यावर गुंडाळून ठेवलेली चटई. दारात आलेल्या मुलीने विचारलं, "कोण पाहिजे?"

"मी कोपरीहून आले. मशीनची..."

करिश्माने वडलांना हाक मारली. महिपत बाहेर आला, त्याने तिला ओळखलं आणि बसायला खुर्ची दिली. पाणी आलं. कलावतीने पेला हातात धरला, प्यायली नाही.

"त्या दिवशी मशीन घरातच होतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले तुमच्याशी. त्याच्या महिनाभर आधी मला एकाने फोनवरून फसवलं होतं. आई आजारी आहे म्हणाला होता. तुम्हीही तसंच बोललात आणि मी घाबरले."

"घरात होतं?" करिश्मा म्हणाली. "बाबा दारात उभे होते आणि मशीन घरात होतं?" तिचा आवाज चढला नाही. तिने कलावतीकडे एकदा नीट बघून घेतलं, जसं एखाद्याचा चेहरा लक्षात ठेवायचा असतो तसं, आणि ती आत गेली. नंतर बाहेर आली नाही.

महिपतने ओटीवरच्या चटईकडे पाहिलं. रस्त्यावरून गॅसच्या टाक्यांची गाडी खडखडत गेली.

"सखूला हितं ओटीवर झोपायचं होतं," तो म्हणाला. "लगीन होऊन आली तवापासून उन्हाळ्यात हितंच झोपायची. मी चटई काढून ठेवलेली." मग त्याने विचारलं, "तुमचे किती गेले?"

तिने सांगितलं.

"मिळाले?"

"नाही."

"मी बोललो, आधी पैसे पाठवतो, म्हणजे समोरच्याला भरवसा वाटंल. मला काय ठाऊक, चोर पण तसंच बोलतात."

"मला माफ करा," कलावती म्हणाली.

त्याने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते तिला कळलं नाही. माफ केलं असं तो म्हणाला नाही. उठून रस्त्यापर्यंत आला, रिक्षा थांबवून दिली, आणि रिक्षा निघायच्या आधीच पाठ फिरवून गेला.

त्यानंतर तिने एकदा करिश्माला फोन केला होता. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. फोन वाजत राहिला. पुन्हा करायचा धीर झाला नाही.

मशीन माघात विकलं गेलं. राकेशच्याच दुकानात, सकाळी, रस्ता वाहता असताना. कळव्याचं एक जोडपं होतं, नवऱ्याच्या वडलांसाठी हवं होतं. कलावती स्वतः आली होती. तिने मशीन लावून दाखवलं, आवाज ऐकवला, फिल्टर कसा धुवायचा ते सांगितलं. त्यांनी दोन हजार कमी करायला लावले, तिने केले. त्या माणसाने फोनवर पैसे पाठवले आणि हिरवी खूण तिच्यापुढे धरली. "हे बघा, गेले."

"तुमच्याकडून गेले. माझ्याकडे येऊ देत," ती म्हणाली. तिने आपला फोन काढला, चष्मा लावला, बँकेचं ॲप उघडलं आणि आकडा येईपर्यंत थांबली.

बायकोला ते आवडलं नाही. "एवढा अविश्वास काय करताय काकू? आम्ही काय पळून जातोय का?"

"अविश्वास नाही गं. बघून घेते. बघून घेतलं ना, की मग देता येतं."

रक्कम जमा झालेली दिसली. राकेशने आणि त्या माणसाने मशीन उचलून रिक्षात ठेवलं. सगळं मिळून अर्धा तासही लागला नव्हता. चार माणसांत उभं राहायचं, पिन कुठे दाबायचा नाही, आपल्या खात्यात आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि वस्तू द्यायची. इतकं सोपं होतं ते. महिपत भोईरलाही इथेच, या फळकुटावर बसवून देता आलं असतं. ती हे राकेशला बोलली नाही. तो चहा सांगत होता, तिने नको म्हटलं.

कळव्याची बाई रिक्षात बसता बसता वळून म्हणाली, "काकू, रात्रभर चालू ठेवलं तर चालतं ना?"

"चालतं," कलावती म्हणाली. "बंद करू नका."